डंक मारायला उंची लागते की उडी?



परवा मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. त्याने मोबाईलवर बास्केटबॉलचा व्हिडिओ पाहिला होता. खेळाडू धावत येतो, उडी मारतो आणि चेंडू वरूनच रिंगमध्ये कोंबतो. यालाच डंक म्हणतात. त्याने विचारलं, "मॅडम, मोठेपणी मला असं जमेल का?" हा मुलगा परिपाठाच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा असतो. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "आधी उंची तर वाढव!" बाकीची मुलं हसली. तोही हसला, पण पुन्हा काही विचारायला थांबला नाही.

घरी आल्यावर ते मनाला लागून राहिलं. प्रश्न चांगला होता, उत्तर मात्र आळशी होतं. शिवाय ते अर्धंच खरं होतं.

आधी रिंग बघू. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून १० फुटांवर, म्हणजे ३०५ सेंटीमीटरवर असते. ही उंची कुणी शास्त्रीय अभ्यास करून ठरवलेली नाही. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हा खेळ तयार केला, तेव्हा त्याने व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला पीच या फळाच्या टोपल्या अडकवल्या. तो कठडा १० फुटांवर होता. तेव्हापासून उंची तीच आहे.

आता चेंडू. पुरुषांच्या चेंडूचा व्यास सुमारे २४ सेंटीमीटर असतो. तो वरून आत ढकलायचा तर बोटांची टोकं रिंगच्या निदान १५ सेंटीमीटर वर जायला हवीत. म्हणजे हात साधारण ३२० सेंटीमीटरपर्यंत पोहोचला पाहिजे. गणित अगदी सोपं आहे: उभं राहून हात वर केल्यावर बोटं जिथे पोहोचतात ती पोहोच, अधिक उडी. बेरीज ३२० झाली की डंक!

म्हणजे या गणितात डोक्यापर्यंतची उंची थेट येतच नाही, येते ती पोहोच. मोठ्या माणसाची पोहोच साधारण उंचीच्या सव्वा ते दीड पटीच्या मध्ये, म्हणजे सुमारे १.३३ पट धरता येते. पण हात लांब असतील तर सारख्याच उंचीच्या दोघांत काही सेंटीमीटरचा फरक सहज पडतो.

आता एक खरं उदाहरण. १९८६ साली एनबीएच्या डंक स्पर्धेत स्पड वेब नावाचा खेळाडू जिंकला. त्याची उंची होती ५ फूट ७ इंच, म्हणजे १७० सेंटीमीटर. आपल्याकडच्या कितीतरी बाबांची असते तेवढीच! त्याने हरवलं कोणाला, तर आदल्या वर्षीचा विजेता डॉमिनिक विल्किन्सला, जो त्याच्याच संघातला होता आणि ६ फूट ८ इंच उंच होता.

वरचं गणित दोघांना लावून बघा. विल्किन्सची पोहोच अंदाजे २७० सेंटीमीटर, म्हणून त्याला साधारण ५० सेंटीमीटर उडी पुरते. वेबची पोहोच अंदाजे २२५, म्हणून त्याला ९५ सेंटीमीटर उडी लागते. जवळजवळ दुप्पट! त्यासाठी जमीन सोडताना विल्किन्सला सेकंदाला साधारण ३.१ मीटर वेग पुरतो, वेबला ४.३ मीटर लागतो. वेब हवेत राहतो तो सगळा मिळून ०.८८ सेकंद. हा वेग मांड्या, पोटऱ्या आणि घोट्यांच्या जोरातून येतो. धाव घेऊन शेवटचं पाऊल नीट टाकण्यातून आणि हात वर झटकण्यातूनही येतो. हे बरंचसं सरावाने सुधारतं. उंची मात्र सरावाने वाढत नाही. दांड्याला लटकून किंवा पावडरी पिऊन हाडं लांब होत नाहीत, हे पालकांनी एकदा नीट ऐकावं. चांगलं जेवण आणि पुरेशी झोप दिली की आपल्या हातातलं झालं.

पण इथे थांबून मुलांना "बघा, मेहनत केली की सगळं जमतं" असं सांगितलं, तर तेही खोटंच. वेब हा अपवाद आहे. उंचीचा फायदा खरा आहे, आणि उडीचा काही भागही जन्मतःच मिळतो. सगळेच सराव करून ९५ सेंटीमीटर उडणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाला ना हसून गप्प करावं, ना खोटी आशा दाखवावी. त्याच्या हातात मोजपट्टी द्यावी.

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. गणिताच्या तासाला मुलांना भिंतीपाशी नेलं. बोटांना खडू लावून, टाचा न उचलता एक खूण. मग उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाची पोहोच १८८ आणि उडी १९ सेंटीमीटर भरली. आपल्या या छोट्याची पोहोच १६६, पण उडी ३१! वर्गात सगळ्यात मोठी उडी त्याचीच. एकूण मात्र उंच मुलगा २०७ आणि हा १९७. तो थोडा वेळ आकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे उडी माझी मोठी, पण हात त्याचा वर. मग मला अजून किती लागेल?"

मला हेच हवं होतं. "जमेल का"ची जागा "किती लागेल"ने घेतली होती. बेरीज, वजाबाकी, सरासरी, आलेख, सगळं त्या भिंतीवरच झालं.

आता माझं मत. प्राथमिकच्या वयात उंची बघून संघ निवडणं बंद करा. दहा-अकरा वर्षांची मुलं वाढायची थांबलेली नसतात. कोणी लवकर वाढतं, कोणी उशिरा. या वयात कितीतरी मुली मुलांपेक्षा उंच असतात, हे आपण रोज बघतो. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडूही लहान असतो. खेळाचे नियम मुलांसाठी खाली येऊ शकतात, तर आपण का अडून बसायचं? रिंग नसेल तर भिंतीवर गोल काढा.

आणि एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. डंकचे गुण दोनच मिळतात, जवळून साधा टाकलेल्या चेंडूइतकेच. मग्सी बोग्स हा ५ फूट ३ इंचांचा खेळाडू एनबीएत १४ हंगाम खेळला, तो डंकच्या जोरावर नाही. तो पास द्यायचा, चेंडू हिसकावायचा, सगळ्यांच्या आधी पळायचा. डंक नाही जमला तरी खेळ संपत नाही.

आमच्या वर्गातल्या भिंतीवर खडूच्या खुणा अजून आहेत. दर महिन्याला पुन्हा मोजायचं ठरलंय. तुमच्याही वर्गात किंवा घरात करून बघा. आणि एखाद्या छोट्याने विचारलं, "मला जमेल का?" तर माझ्यासारखं पटकन बोलू नका. आधी म्हणा, "चल, मोजून बघू."