कारखान्यातील प्रमाणभाषा

आनेकल तालुक्यातील बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहतींकडे भाषाभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. परंतु प्रमाणभाषेचा जुना वाद तेथे नव्या रूपाने उभा आहे. बोम्मसंद्रच्या बायोकॉनचा इन्शुलिनचा कारखाना मलेशियातील जोहोर येथेही आहे. अशा दूरदूरच्या कारखान्यांतील काम एकाच तऱ्हेने चालावे व नोंदले जावे, म्हणून जगभरचे उद्योग उत्पादन-नियंत्रणाची संगणकप्रणाली सर्वत्र एकसारखी करू पाहतात.

या एकरूपतेचे मूळ शब्दांत आहे. ‘यंत्र बंद’ या नोंदीत एकाने जेवणाची सुट्टी धरली व दुसऱ्याने वगळली, तर दोहोंच्या आकड्यांची तुलनाच व्यर्थ ठरते. २००० सालापासून प्रसिद्ध होत गेलेले ‘आयएसए-९५’ हे मानक अशा संज्ञांची व त्यांच्या परस्परसंबंधांचीच व्यवस्था लावते. त्या अर्थाने तो एक कोशच होय.

तथापि कोशाची सत्ता कोठवर चालावी? शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही फारसीवाटे आलेले किल्ला, फौज, जमीन हे शब्द मराठीत टिकलेच. आमच्या मते संज्ञेचा अर्थ सर्वत्र एक असावा. पडद्यावरचा शब्द मात्र कामगाराचा असावा. आनेकलला तो कन्नड वा तमिळ असेल, चाकणला मराठी. अर्थ न उमगता भरलेली नोंद एकसारखी दिसते, पण ती खरी असेलच असे नाही. आणि औषधांच्या कारखान्यात प्रश्न रुग्णाच्या जिवाचा असतो. म्हणून परिभाषेचे हे कार्य केवळ अभियंत्यांवर सोपवून भाषाभ्यासकांनी स्वस्थ बसू नये.