पदक देशाचं, आजारपण त्याचं

डिंको सिंग म्हटलं की लोकांना दारूचीच गोष्ट आधी आठवते. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेच्या संघातून नाव वगळल्यावर हा पठ्ठ्या संतापाने बेसुमार प्यायला होता. मग नाव परत घेतलं गेलं आणि त्याने ५४ किलो गटात सुवर्णपदक आणलं. १९८२ च्या कौर सिंगनंतर बॉक्सिंगमधलं हे आपलं पहिलं आशियाई सुवर्ण. मणिपूरच्या अनाथाश्रमात वाढलेल्या या पोराकडे बघून पुढे मेरी कोमने ग्लोव्ह्ज चढवले.

त्याला काहीच मिळालं नाही असं नाही. नौदलात नोकरी मिळाली, पुढे प्रशिक्षकपद, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार आणि २०१३ साली पद्मश्री. पण २०१७ मध्ये यकृताचा कॅन्सर झाला तेव्हा उपचारांसाठी घर विकावं लागलं. २०२० मध्ये इतर बॉक्सरांनी वर्गणी काढली. १० जून २०२१ ला तो गेला, अवघ्या ४२ व्या वर्षी.

“स्वभावच तसा होता” म्हणून हात झटकणं सोपं आहे. मी सरकारी कारकून. माझ्या आजारपणाच्या बिलाला नियम आहे, त्यात माझा स्वभाव कोणी विचारत नाही. देशासाठी ठोसे खाल्लेल्या माणसाला मात्र बातमी व्हावं लागतं, तेव्हा मदत पोचते. पदकासोबत आयुष्यभराच्या उपचारांचा हक्क द्यायला काय हरकत आहे? सत्कारातली शाल तापात पांघरायला पुरत नाही हो!