स्वस्त म्हणून नको, चालतो म्हणून विका!

जून-जुलै आला की राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गर्दी सुरू होते. कागल, गारगोटी, गडहिंग्लजहून माणसं येतात. पोराला डिप्लोमाला नाहीतर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला असतो, बजेट घरातनंच ठरून आलेलं असतंय आणि बापाचा प्रश्न एकच, "स्वस्तात बरा कुठला?" मग एक खोकं पुढं सरकतं. त्यावर विंडोजऐवजी 'उबुंटू' किंवा 'डॉस' लिहिलेलं असतं. "ह्यो काही हजारानं कमी पडतोय. विंडोज आम्ही मारून देतो, काळजी सोडा."

संपला विषय! आतलं लिनक्स गिऱ्हाईकानं बघायच्या आधीच पुसलं जातं. त्या जागी जे बसतं ते बऱ्याचदा क्रॅक केलेलं विंडोज. म्हणजे पैसे वाचवायच्या नादात पोराच्या हातात पहिल्या दिवसापासून चोरीचा आणि कदाचित व्हायरसवाला माल.

माझं म्हणणं एवढंच आहे मंडळी, की आपल्याकडं लिनक्सचा लॅपटॉप लिनक्स म्हणून क्वचितच विकला जातो. तो 'विंडोजचे पैसे वाचवणारं खोकं' म्हणून विकला जातो. आणि मग "लोकांना लिनक्स नकोच असतं" असं म्हणून सगळे मोकळे होतात.

आधी एक घोळ मिटवूया. डॉस आणि उबुंटू एक नव्हे. 'फ्रीडॉस'वाला लॅपटॉप चालू केला की काळा पडदा येतो. त्यावर आजचं रोजचं काम होत नाही, तो जवळपास रिकामाच समजा. उबुंटू ही मात्र लिनक्सवरची पूर्ण तयार सिस्टीम आहे. ब्राउझर, लिब्रे-ऑफिस, व्हिडिओ, सगळं सोबत येतं. दुकानात दोन्ही एकाच भावात आणि एकाच वाक्यात खपवतात, तिथंच पहिली चूक होते.

आता गिऱ्हाईकाला काय पाहिजे असतं? मी स्वतः घरी लिनक्स वापरतो, त्यामुळं ओळखीतली माणसं विचारायला येतात. "सोर्स कोड खुला आहे का?" असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. विचारतात ते असं: वायफाय लगेच लागंल का? घरातला प्रिंटर चालंल का? मराठी टाइप होईल का? टॅली चालंल का? आणि बिघडलं तर कोल्हापुरात कोण बघंल?

या प्रश्नांची उत्तरं सरळ द्यायला पाहिजेत. ब्राउझरमध्ये होणारी बहुतेक कामं होतात. मराठी टायपिंग होतं, इनस्क्रिप्ट कळफलक आतच असतो, फक्त सेटिंगमधून सुरू करायचा. युनिकोड मराठी व्यवस्थित दिसते. पण प्रेसवाल्याकडच्या श्री-लिपीच्या जुन्या फायली उघडल्या तर अक्षरांची खिचडी दिसू शकते. टॅली विंडोजसाठीच बनलंय. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सची लिनक्स आवृत्ती नाही. म्हणून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत डिझाइनचं काम करणाऱ्याला, किंवा मेकॅनिकलच्या पोराला, मी लिनक्सचा आग्रह करणार नाही. त्यानं पैसे मोजून अधिकृत विंडोजच घ्यावं. पण कॉम्प्युटर सायन्सचं पोरगं, बीएची विद्यार्थिनी, शिक्षक, बँकेचं आणि मेलचं काम करणारे रिटायर्ड काका यांचं काम आरामात भागतं.

हे आधी सांगितलं नाही की काय होतं, ते जगानं बघितलंय. २००७-०८ मध्ये छोट्या नेटबुकची लाट आली होती. आसुसचा पहिला 'ई पीसी' लिनक्सवरच आला होता. २००८ साली एमएसआय कंपनीच्या अधिकाऱ्यानं जाहीर सांगितलं, की लिनक्सची नेटबुकं विंडोजच्या मानानं किमान चौपट परत येतात. कारण लोकांनी स्वस्त म्हणून नेली, घरी जाऊन उघडली आणि ओळखीचं काहीच दिसेना. यंत्र खराब नव्हतं, सांगणारं कोणी नव्हतं.

याच्या उलट २०२२ साली व्हॉल्व्ह कंपनीनं 'स्टीम डेक' हे गेम खेळायचं यंत्र आणलं. आत लिनक्स. घेणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना त्याचं सोयरसुतकही नसेल. गेम चालतात ना, मग झालं! लेनोवोनं २०२० पासून काही थिंकपॅड फेडोरा घालून विकायला घेतले, तेही हार्डवेअर नीट चालेल याची जबाबदारी घेऊन. लिनक्स विकलं जातं ते असं.

आता सरकारकडं वळू. केंद्रानं २०१५ साली सरकारी कामात ओपन सोर्स वापरायचं धोरण जाहीर केलं. सी-डॅकनं त्याच्याही आधी, २००७ मध्ये, 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स काढली, त्यात मराठीही आहे. सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात. पण बॉस घातलेला लॅपटॉप तुम्ही दुकानात कधी बघितलाय? आपल्याकडं २००१ पासून एमएस-सीआयटीतून लाखो लोक कॉम्प्युटर शिकले, ते विंडोजवर. जे बोटांना शिकवलं तेच बोटं मागणार, यात गिऱ्हाईकाचा काय दोष?

केरळनं वेगळी वाट धरली. तिथल्या सरकारी शाळांत आयटी विषय लिनक्सवर शिकवतात. 'काइट' ही सरकारी संस्था उबुंटूवरून स्वतःची सिस्टीम बनवते आणि शिक्षकांना प्रशिक्षणही देते. नुसत्या मशीन वाटून ते थांबले नाहीत. नेमकं हेच आपल्याकडं राहिलंय.

हे आत्ताच का बोलायचं? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. अनेक जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. शाळांच्या लॅबमध्ये, पतसंस्थांत, घराघरांत अशी चालती मशीन पडून आहेत. ती भंगारात घालायची, धोका पत्करून तशीच वापरायची, की लिनक्स घालून आणखी काही वर्षं चालवायची, हा प्रश्न आता खिशाचा आहे.

म्हणून दुकानदार बंधूंना विनंती. एक लॅपटॉप लिनक्ससह चालू करून काउंटरवर ठेवा. शेजारी कागद लावा: काय चालतं, काय चालत नाही, कुठला प्रिंटर जोडून बघितलाय. विक्रीनंतर बघून द्यायचे शंभर-दोनशे रुपये घ्या की, कोण नको म्हणतंय? इंजिनिअरिंग कॉलेजांनी कुठल्या शाखेला कुठलं सॉफ्टवेअर लागतं याची यादी प्रवेशाच्या वेळीच द्यावी. आणि घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी दुकानातच वायफाय, आवाज, कॅमेरा चालवून बघावा. खोक्यावर उबुंटू असेल तर ते पुसू देऊ नये, आधी आठ दिवस वापरून बघावं.

तुमच्यापैकी कोणाचा प्रिंटर किंवा स्कॅनर लिनक्सवर चालत असेल, तर कंपनी आणि मॉडेल नंबर खाली लिहा. चालत नसेल तर तेही लिहा. आपणच यादी करूया, कोणाला तरी उपयोग होईल.