आधी रुग्ण तपासा, मग वजनाचे बोला

२०२५ या एका वर्षात लठ्ठपणाच्या उपचारांत बरेच काही बदलले. जानेवारीत ‘लॅन्सेट’ समूहाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सांगितले, की केवळ बीएमआय, म्हणजे उंची-वजनाचे गणित पाहून निदान करू नका. चरबीचा अवयवांवर काय परिणाम झाला आहे ते तपासा. मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शने भारतात विक्रीस आली. व्याख्या बदलली, औषधे आली. वॉर्डातली भाषा मात्र तीच राहिली. ‘खाणे आवरा’, ‘एवढे वजन असल्यावर गुडघे दुखणारच’ ही वाक्ये आजही शिकाऊ डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या कानावर रोज पडतात आणि हळूहळू त्यांच्या तोंडी रुळतात.

हा प्रश्न मूठभर रुग्णांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आहेत. बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत ते रोज उभे असतात.

पूर्वग्रह येतो कुठून? अमेरिकेतील ४९ वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ४,७३२ विद्यार्थ्यांचा पहिल्या वर्षी अभ्यास झाला. ७४ टक्क्यांच्या मनात लठ्ठ व्यक्तींबद्दल नकळत आणि ६७ टक्क्यांच्या मनात उघड आकस आढळला. म्हणजे विद्यार्थी समाजातूनच हे घेऊन येतात. त्याच विद्यार्थ्यांची शेवटच्या वर्षी पुन्हा पाहणी केली, तेव्हा नकळत असलेला आकस सरासरीने थोडा कमी झाला होता, उघड आकस मात्र वाढला होता. वरिष्ठांच्या तोंडून रुग्णांबद्दल टवाळीचे बोल ज्यांनी जास्त ऐकले, त्यांच्यात तो अधिक वाढला. लठ्ठ रुग्णांशी ज्यांचा चांगला संबंध आला, त्यांच्यात कमी झाला. अभ्यास अमेरिकेतला असला, तरी राउंडला सरांच्या विनोदावर हसणारे विद्यार्थी आपल्याकडेही आहेत.

यात फक्त मन दुखावले जाते असे नाही, निदानही चुकते. धाप लागली की ‘वजनामुळे’ म्हणून मोकळे झाले, तर हृदय, फुप्फुसे, हिमोग्लोबिन तपासायचे राहून जाते. स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरील काही गोळ्या यांनी वजन वाढते; पण औषधांची चिठ्ठी पाहण्याआधीच रुग्ण आळशी ठरतो. दंडाच्या मानाने बीपीचा पट्टा लहान पडला, तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो आणि नको ती गोळी सुरू होते. अपमान झालेला रुग्ण पुढच्या वेळी उशिरा येतो किंवा येतच नाही.

याच चुकीची दुसरी बाजू पुण्यात दिसली. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयाच्या पोटात चरबी दडलेली असू शकते. नुसत्या नजरेने निकाल देणारा डॉक्टर जाड माणसाला दोष देतो आणि बारीक माणसाचा मधुमेह हुकवतो.

वजन निव्वळ इच्छाशक्तीवर ठरत नाही, हेही विद्यार्थ्यांना नीट शिकवायला हवे. माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा ४० ते ७० टक्के असल्याचा अंदाज आहे. वजन घटले की भूक वाढते आणि शरीर ऊर्जा वाचवू लागते. म्हणून घटवलेले वजन परत येते. आहार-व्यायामाचा सल्ला द्यायचाच आहे. पण हे समजून दिलेला सल्ला आणि टोमणा यांत फरक आहे.

उपायांसाठी वेगळा निधी फारसा लागत नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग आहे. त्यात या विषयाला जागा द्यावी. नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनाही सोबत बसवावे. वजन आडोशाला करावे, आकडा मोठ्याने पुकारू नये. प्रत्येक वॉर्डात बीपीचा मोठा पट्टा असावा. वजनाचा विषय काढण्यापूर्वी ‘याबद्दल बोलू का?’ असे विचारावे. तोंडी परीक्षेत ‘हाच त्रास बारीक रुग्णाला असता, तर कोणत्या तपासण्या केल्या असत्या?’ हा एक प्रश्न हमखास असावा.

आणि सर्वात आधी, आम्हा शिकवणाऱ्यांनी राउंडमधले विनोद बंद करावेत. व्याख्यानात सांगितलेले विद्यार्थी परीक्षेनंतर विसरतात. खाटेजवळ पाहिलेले आयुष्यभर गिरवतात.