छातीचा फोटो जपून ठेवा

मैत्रिणींनो, पावसाळ्यात-थंडीत एखाद्याला न्यूमोनिया व्हावा आणि औषधाने तो बरा व्हावा, यात नवल नाही. पण चांगले धडधाकट माणूस वर्षात दोनदा न्यूमोनियाने अंथरूण धरते, तेव्हा "याची छातीच कच्ची आहे जी" म्हणून सोडून देऊ नका. पुन्हापुन्हा येणाऱ्या न्यूमोनियामागे बहुतेक वेळा काहीतरी कारण दडलेले असते. ते शोधायचा पहिला धागा असतो आपल्याच घरात, गादीखाली दुमडून पडलेला छातीचा जुना फोटो!

डॉक्टरांना त्यात एकच पाहायचे असते. डाग दर वेळी त्याच जागी आहे, की जागा बदलते?

जागा तीच असेल तर त्या भागाकडे जाणारी श्वासनळी अडलेली किंवा खराब झालेली असू शकते. पूर्वी क्षय होऊन गेला असेल तर तिथे व्रण राहतो, नळी सैल होते आणि कफ साचतो. विडी ओढणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या माणसात गाठ तर नाही ना, हे पाहावेच लागते. आणि आपल्या भंडाऱ्याकडचा खर्रा! तो गालात धरून झोपणारे घरोघरी आहेत. झोपेत सुपारीचा तुकडा श्वासनळीत उतरला, तर चार दिवसांच्या खोकल्यानंतर माणूस ते विसरूनही जातो. सुपारी फोटोत दिसत नाही, दिसतो तो तिच्यामुळे पडलेला डाग. अशी वस्तू नळी घालून काढता येते. जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी १८९७ साली एका शेतकऱ्याच्या श्वासनळीतून हाडाचा तुकडा असाच काढला होता.

डागाची जागा बदलत असेल तर दोष सबंध शरीरात शोधायचा. मधुमेह आहे का? रोगप्रतिकारशक्ती कमी आहे का? दारूच्या गुंगीत किंवा आंबट पाणी घशाशी येऊन अन्न छातीत उतरते का? शिवाय विडीचा धूर, आणि आपल्या वाट्याला येणारा चुलीचा धूर आहेच. बाई विडी ओढत नाही म्हणून तिची छाती स्वच्छ, हे काही खरे नाही.

आता एक गंमत, म्हणजे गंमत कसली, फसवणूकच! कधीकधी तो न्यूमोनिया नसतोच. अवकाळी पावसात भिजलेल्या धानाच्या तणसीला कुबट वास येतो, बुरशी धरते. सकाळी ती उपसून गुरांना घातली की संध्याकाळी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, धाप. दोन-तीन दिवस माहेरी जाऊन आले की आपोआप बरे. घरचे म्हणतात, "कामाची टाळाटाळ करते." इंजेक्शन घेतले असेल तर त्याला यश मिळते! खरे म्हणजे ती बुरशीच्या धुळीची वावडी असते. वर्षानुवर्षे असेच चालले तर फुप्फुस कायमचे राठ होते. म्हणून ताप कोणत्या कामानंतर येतो, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना नक्की सांगा.

बरे वाटले तरी सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायचा का, हे विचारून घ्या. मधला फोटो स्वच्छ आला असेल तरच पुढचा न्यूमोनिया नवा म्हणता येतो, नाहीतर जुनाच रेंगाळलेला! हा खर्च पुष्कळदा टाळला जातो, "आता तर बरे आहे ना" म्हणून. क्षयासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. रक्तातली साखरही पाहून घ्या. औषध सांगितले तितके दिवस घ्या, ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका.

फोटो दुमडू नका, उन्हात ठेवू नका. पाकिटावर तारीख आणि दवाखान्याचे नाव लिहा. नागपूरला मेडिकलमध्ये जायची वेळ आली, तर शिदोरीच्या आधी ते पाकीट पिशवीत घाला.