पाटील म्हणजे कोणते पाटील?

राजारामपुरीत एका परिचित तरुणासोबत भाड्याची खोली पाहावयास गेलो होतो. घरमालक सुशिक्षित, दिवाणखान्यात स्वामी विवेकानंदांची तसबीर. त्यांनी आडनाव विचारले. तरुण म्हणाला, "पाटील." लगेच दुसरा प्रश्न आला, "पाटील म्हणजे कोणते पाटील?" तरुणाने उत्तर दिले आणि खोली आदल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला देऊन झाल्याचे मालकांना अचानक आठवले!

हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो, यातच आडनावाचे निर्दोषत्व सिद्ध होते. पाटीलकी हा गावचा अधिकार. आमच्या करवीर परिसरात तो मराठ्यांकडे होता, जैनांकडे होता, लिंगायतांकडे होता. मुसलमान घराण्यांतही पाटील आहेत. इचलकरंजीच्या जहागीरदारांची कथा तर याहून बोलकी आहे. मूळपुरुष नारो महादेव हे कोकणातले जोशी, जातीने ब्राह्मण. कापशीच्या सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने ते वाढले आणि त्या उपकाराचे स्मरण म्हणून त्यांनी धन्याचेच आडनाव धारण केले. पुढे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई त्या घराण्यात सून म्हणून आली, तरी घराणे घोरपडेच राहिले. पुन्हा जोशी म्हणवून घ्यावे, असे त्यांना वाटले नाही.

अमेरिकेत स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, पॉटर म्हणजे कुंभार. २०१० च्या तेथील जनगणनेत स्मिथ आडनावाचे सुमारे २४ लाख लोक नोंदले गेले. त्यांना कोणी 'तुमचा भाता कुठे आहे?' असे विचारीत नाही. (तो समाज भेदमुक्त आहे, असा याचा अर्थ नव्हे. तेथे कातडी दिसते. आडनाव विचारण्याचे कष्ट पडत नाहीत, इतकेच.) आमच्याकडे मात्र लोहार, सुतार, कुंभार आडनावाचा अभियंता समोर आला, तरी आम्हांस आधी भाता आणि चाकच दिसते.

२०२५ मध्ये बीडच्या पोलिसांनी गणवेशावरील नामपट्ट्यांतून आडनावे काढली. जातीय तणावाने होरपळलेल्या त्या जिल्ह्यात हेतू स्वच्छच होता. पण तेवढ्यावरून सर्वांनीच आडनावे टाकावीत, असे म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते : पन्हाळकर, कागलकर, बावडेकर पुसून टाकल्यावर काय उरेल? घराण्याच्या गावाची खूण तेवढी जाईल. जात शोधणारा गल्ली विचारील, कुलदैवत विचारील. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. तरीही 'या वस्तीला पूर्वी काय म्हणत?' असे विचारणारे महाभाग आहेतच.

आणि ते कुणी परके नाहीत. समरसतेवरील व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणारी, हिंदूंच्या ऐक्यासाठी तळमळणारी ही आपलीच माणसे आहेत. परधर्मीयांनी आमच्यात फूट पाडली, असे आपण तावातावाने सांगतो. राजारामपुरीतल्या त्या दिवाणखान्यात कोणता परधर्मीय बसला होता?

त्या घरमालकांचे आडनाव आणि त्या तरुणाने दिलेले उत्तर, दोन्ही मी येथे मुद्दामच दिलेली नाहीत. वाचकांपैकी कित्येकांनी ती एव्हाना ओळखण्याचा प्रयत्न केलाही असेल.