चाचणी झाली, पुढे काय?

मंडळी, 'असर'चा अहवाल आला की चार दिवस बोंब होते, मास्तरांना शिव्या पडतात आणि मग सगळं शांत. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ ला हा आकडा १६.३ होता. सुधारणा आहे, पण चारातली तीन पोरं अजून मागेच आहेत.

माझं म्हणणं एवढंच, की चाचण्या कमी नाहीत. चाचणीनंतर वर्गात काही बदलत नाही, हे खरं दुखणं आहे. गुण ऑनलाइन भरले की काम संपलं!

खरं तर वाचनाची चाचणी पाच मिनिटांची. मुलाला जवळ बसवायचं आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातलं कुठवर वाचतो ते बघायचं. एकाला 'क' येतो पण 'कि' आणि 'कु' ला अडतो. दुसरी शब्द वाचते, वाक्यात अडखळते. तिसरा भराभर वाचतो, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. या तिघांना एकच धडा एकसुरात म्हणायला लावून काय होणार? मागचा पोरगा पाठ करून ओठ हलवतो आणि चौथीत पोचतो.

उपाय माहितीतला आहे. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे छोटे गट करायचे. एका गटाला बाराखडी आणि शब्दकार्डं, दुसऱ्याला सोबत वाचन, तिसऱ्याला पुस्तकं आणि गप्पा. महिन्याभराने पुन्हा तपासायचं आणि गट बदलायचे. गट बदलले नाहीत तर ती 'ढ' पोरांची तुकडी होते, हेही ध्यानात ठेवा.

'हे संस्थांना जमतं, सरकारी शाळेत नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी: 'प्रथम'च्या या पद्धतीवर नोबेलविजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी अभ्यास केलेत. हरियाणात सरकारी शिक्षकांनीच रोजचा तास घेतला आणि मुलांचं वाचन सुधारलं. मात्र तिथे तो तास वेळापत्रकात राखून ठेवला होता आणि अधिकारी वर्गात येऊन मदत करत होते. नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन इतरत्र फारसं काही झालं नाही.

आपल्याकडे साठ मुलांमागे दोन शिक्षक, त्यात माहिती भरण्याची कामं. तास कुठून काढणार? तो आपणच मागून घ्यायला हवा.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत रंगरंगोटीच्या आधी तीन प्रश्न विचारा. माझं मूल कोणत्या पातळीवर आहे? त्याचा गट शेवटचा कधी बदलला? आणि वाचनाचा तास रोज होतो का?

उत्तरं काय मिळाली ते खाली नक्की लिहा.